स्थलांतरित मूल, संशोधन आणि कैवार : जबलपूर परिसराच्या संदर्भात

१. विषयाची मांडणी

मराठी समीक्षेत 'स्थलांतर' हा शब्द बहुधा परदेशी स्थायिक झालेल्या लेखकाच्या संदर्भात योजला जातो. दोन देश, दोन भाषा आणि दोन्हींपासून थोडे दूर उभे असलेले एक सुशिक्षित मन, असे त्याचे रूढ चित्र आहे. देशाच्या आतच दरवर्षी घडणारे स्थलांतर या चित्रात बसत नाही. दिवाळीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या आणि उन्हाळ्यात परतणाऱ्या कुटुंबाजवळ पारपत्र नसते. त्याने ओलांडलेली सीमा राज्याची असते आणि पुष्कळदा भाषेचीही असते. या प्रवासात मोठ्यांचे काम बदलते. मुलाची मात्र शाळा, भाषा आणि खेळगडी ही तिन्ही एकाच वेळी बदलतात.

अशा मुलांसाठी झालेले काम मुख्यतः एका विशिष्ट भागीदारीतून उभे राहिले आहे. संशोधकाने पाहणी करायची, कार्यकर्त्याने ती शासनासमोर व न्यायालयासमोर मांडायची आणि दोघांनी मिळून कायदा वा योजना घडवून आणायची, असे तिचे स्वरूप असते. या दुसऱ्या कार्याला अलीकडे 'जनवकिली', 'पाठपुरावा' असे शब्द वापरले जातात. जुना 'कैवार' हा शब्द त्याला अधिक जवळचा आहे. कारण कैवार घेणारा दुसऱ्याची बाजू आपली मानतो. मात्र ज्याचा कैवार घ्यायचा त्याला स्वतःचा आवाज असतो, हे विसरण्याचा धोकाही याच शब्दात दडलेला आहे.

पाश्चात्त्य देशांत या भागीदारीला मोठे यश लाभले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये 'प्लायलर विरुद्ध डो' या खटल्यात, कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांनाही सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला. पुढे कॅरोला आणि मार्सेलो सुआरेझ-ओरोझ्को यांनी चीन, हैती, मेक्सिको, डॉमिनिकन प्रजासत्ताक व मध्य अमेरिका येथून आलेल्या सुमारे ४०० मुलांचा पाच वर्षे मागोवा घेतला. 'लर्निंग अ न्यू लँड' (२००८) हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. मुलाला शाळेत प्रवेश मिळणे आणि शाळेची भाषा त्याची होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे अशा अभ्यासांतून स्पष्ट होते.

प्रस्तुत लेखात हाच भेद जबलपूर आणि त्याच्या पूर्व-दक्षिणेकडील मंडला, दिंडोरी, सिवनी, बालाघाट या जिल्ह्यांच्या संदर्भात तपासला आहे. भारतातील संशोधन व कैवार यांच्या भागीदारीने स्थलांतरित मुलाला मोजले, त्याच्या हक्काला कायद्यात स्थान मिळवून दिले. परंतु त्याच्या भाषेची नोंद केली नाही. ही उणीव तुलनात्मक साहित्याभ्यासाच्या कक्षेत येते, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

२. जबलपूर : एक सांधा

जबलपूर हे भाषांच्या आणि वाटांच्या सांध्यावर वसलेले नगर आहे. नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातून ते १८१७ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि हिंदी व मराठी भाषक जिल्हे एका कारभाराखाली आले. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपूर येथे सांधला गेला. पुढे गोंदिया-नैनपूर-जबलपूर या अरुंदमापी मार्गाने सातपुड्याची पठारे विदर्भाशी जोडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि उच्च न्यायालय नागपुराहून जबलपूरला आले. नकाशावर दोन भाषा विभक्त झाल्या. श्रमाच्या वाटा मात्र पूर्वीप्रमाणेच दक्षिणेकडे, नागपूरच्या दिशेने, वाहत राहिल्या.

या वाटांवर आता प्रामुख्याने भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबे आहेत. त्यांत गोंड आणि बैगा यांचा भरणा मोठा आहे. बांधकामे, वीटभट्ट्या आणि शेतीचे हंगाम त्यांना महाराष्ट्रात आणतात. स्थलांतराचे दुसरे कारण जबलपूरच्या अगदी जवळ आहे. नर्मदेवरील बरगी धरण १९९० मध्ये पूर्ण झाले. जबलपूर, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांतील १६२ गावे आणि एक लाखाहून अधिक माणसे त्यामुळे बाधित झाली. शेती बुडालेल्यांपैकी अनेकांनी जबलपूरच्या वस्त्यांत येऊन रिक्षा ओढणे, मजुरी करणे पत्करले. पुढे विस्थापितांनी संघटित होऊन जलाशयातील मासेमारीचा हक्क सहकारी संस्थांच्या द्वारे मिळविला, हा या लढ्याचा उल्लेखनीय टप्पा होय. तथापि विस्थापिताच्या मुलाची गणना 'प्रकल्पग्रस्त' म्हणून झाली, तर हंगामी मजुराच्या मुलाची 'शाळाबाह्य' म्हणून. दोन्ही शीर्षके प्रशासनाच्या सोयीची आहेत. मूल घरी काय बोलते हे त्यांतून कळत नाही.

या वाटांचे दुःखद दर्शन साऱ्या देशाला ८ मे २०२० रोजी घडले. टाळेबंदीत जालन्याहून पायी निघालेले, शहडोल व उमरिया जिल्ह्यांतील सोळा मजूर औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपले असता मालगाडीखाली मरण पावले. त्यांचे मृतदेह रेल्वेनेच जबलपूरमार्गे गावी नेण्यात आले. जालना आणि जबलपूर यांमधील श्रमाचा संबंध किती नित्याचा आहे, हे त्या दिवसापर्यंत दोन्ही बाजूंच्या वाचकवर्गाच्या ध्यानी नव्हते.

३. हिवाळे आणि एल्विन : एका भागीदारीचा पूर्वेतिहास

संशोधन व कैवार यांची सांगड याच प्रदेशात फार पूर्वी घातली गेली होती, आणि तिच्यातील एक भागीदार महाराष्ट्रीय होता. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात व्हेरियर एल्विन आणि शामराव हिवाळे यांचा परिचय झाला. १९३२ च्या आरंभी दोघे तत्कालीन मंडला जिल्ह्यातील करंजिया या गावी जाऊन राहिले. तेथे त्यांनी 'गोंड सेवा मंडळ' स्थापन केले. शाळा, दवाखाना आणि कुष्ठरोग्यांसाठी निवास चालविला. पुढे त्यांचे केंद्र पाटनगढ येथे हलले. मंडळाचे नाव कालांतराने 'भूमिजन सेवा मंडळ' आणि त्यानंतर 'ट्रायबल वेल्फेअर अँड रिसर्च युनिट' असे झाले. सेवेपासून आरंभ करून कल्याण आणि संशोधन हे दोन शब्द एका नावात आणण्यापर्यंतचा हा प्रवास भागीदारीच्या कल्पनेचाच इतिहास सांगतो.

साहित्याभ्यासकाच्या दृष्टीने या दोघांचे मोल त्यांच्या गीतसंग्रहांत आहे. 'साँग्ज ऑफ द फॉरेस्ट' (१९३५) या ग्रंथावर हिवाळ्यांचे नाव आधी आहे, तर 'फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स' (१९४४) वर एल्विनचे. हिवाळ्यांनी स्वतंत्रपणे लिहिलेला 'द परधान्स ऑफ द अप्पर नर्बदा व्हॅली' हा ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. 'बाना' हे तंतुवाद्य घेऊन यजमान गोंडांच्या घरोघरी जायचे, वंशकथा व देवकथा गायच्या आणि दान घेऊन परतायचे, ही त्यांची वृत्ती. म्हणजे फिरणे हा या समाजाच्या साहित्यपरंपरेचाच भाग होता. त्यात गायकाची भाषा यजमानाला कळत असे आणि त्या भाषेमुळेच त्याला मान मिळे. आजच्या स्थलांतरात नेमकी हीच गोष्ट उलटी झाली आहे. भाषा सोबत येते, पण ती ऐकणारे कोणी नसते.

एल्विनने 'द बैगा' (१९३९) मध्ये बैगांच्या जीवनपद्धतीला संरक्षित प्रदेशाचे कवच सुचविले. गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथात या भूमिकेचे खंडन केले आणि आदिवासींचा हिंदू समाजाशी असलेला सांधा पुढे ठेवला. हा वाद भारतीय समाजशास्त्रात महत्त्वाचा ठरला. दोन्ही पक्षांजवळ अभ्यास होता, आस्थाही होती. परंतु त्या वादात गोंड व बैगा हे विषय होते, पक्षकार नव्हते. भागीदारी दोघांची होती. तिसऱ्याला तीत जागा नव्हती. ही मर्यादा त्या काळापुरती नव्हती, हे पुढील इतिहासावरून दिसते.

४. पाहणीपासून कायद्यापर्यंत

स्वातंत्र्योत्तर काळात स्थलांतरित मुलांसाठीच्या कामाचा एक महत्त्वाचा आरंभ १९६९ मध्ये दिल्लीत झाला. बांधकामाच्या जागी मातीत झोपविलेली मजुरांची बालके पाहून मीरा महादेवन यांनी पाळणाघर सुरू केले आणि त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. इमारत पूर्ण झाली की मजूर हलणार. म्हणून पाळणाघरानेही त्यांच्यामागे हलायचे, ही या नावामागील साधी पण मूलगामी कल्पना. इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयीच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोलीची तरतूद होती. मुंबई-पुण्यात 'डोअर स्टेप स्कूल'ने याच विचाराला शाळेचे रूप दिले. शाळेपर्यंत मूल पोचत नसेल तर मुलाच्या उंबरठ्यापर्यंत शाळा न्यायची, हे तिचे सूत्र.

ग्रामीण महाराष्ट्रात या भागीदारीचे सर्वांत परिचित रूप म्हणजे साखरशाळा. मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीस जाणारे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मूल या हिशेबात कोठेच नसते. ते पाचट गोळा करते आणि धाकट्या भावंडाला सांभाळते. औरंगाबादच्या 'जनार्थ' या संस्थेने कारखान्यांच्या परिसरात अशा मुलांसाठी शाळा चालविल्या. 'अमेरिकन इंडिया फाउंडेशन'च्या पाठबळाने हे काम गुजरात आणि ओडिशातील संस्थांच्या कामाशी जोडले गेले. त्या अनुभवातून स्मिता यांचा 'लॉक्ड होम्स, एम्प्टी स्कूल्स' (२००७) हा ग्रंथ सिद्ध झाला. कुलूप लागलेली घरे आणि ओस पडलेल्या शाळा ही त्यातील प्रतिमा पुढील धोरणचर्चेत वारंवार उपयोगी पडली.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्यात या प्रयत्नांचे प्रतिबिंब दिसते. कलम ४ वयानुरूप वर्गात प्रवेश देते. कलम ५ राज्यात वा राज्याबाहेर शाळा बदलण्याचा हक्क देते. कलम ९ स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी ठरविते. त्यानंतर वेगळ्या शाळेऐवजी जवळच्या नियमित शाळेत प्रवेश आणि मूल गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृह, अशी महाराष्ट्राच्या धोरणाची दिशा राहिली. पाहणी, प्रयोग, ग्रंथ, कायदा हा क्रम पाहता ही भागीदारी यशस्वी झाली असे म्हणावे लागते.

५. जे मोजले गेले नाही

परंतु बीडचे मूल सांगलीत गेले तर त्याची बोली बदलते, शाळेची भाषा बदलत नाही. दिंडोरीचे मूल नागपूर जिल्ह्यात आले की पाठ्यपुस्तकच बदलते. मंडला-दिंडोरीच्या घरांत गोंडी आहे, त्याचबरोबर हिंदीच्या पूर्वेकडील बोलीही आहेत. गावच्या शाळेत प्रमाण हिंदी ही आधीच दुसरी भाषा झालेली असते. महाराष्ट्रात मराठी ही तिसरी होते. लिपी देवनागरीच राहते, म्हणून अक्षरे ओळखीची वाटतात. वाचता येते, पण अर्थ लागत नाही. शिक्षकाला हे मूल 'मठ्ठ' वाटण्याची शक्यता येथेच उत्पन्न होते.

घटनेत याची दखल नाही असे नव्हे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये, समाविष्ट केलेल्या अनुच्छेद ३५० क नुसार भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी, असे अपेक्षित आहे. त्यापूर्वी १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने वर्गात दहा अथवा शाळेत चाळीस विद्यार्थी असल्यास अशी सोय करावी, असा दंडक मान्य केला होता. जबलपूर वा इंदूर येथील स्थिर मराठी समाज अशा दंडकाचा आधार घेऊ शकतो. फिरत्या मुलाला तो निरुपयोगी आहे. कारण पटावर दहा नावे होईपर्यंत वीटभट्टीचा हंगाम संपलेला असतो. शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ मातृभाषेतील अध्यापनाचा पुरस्कार करते. पण 'शक्य असेल तेथवर' या मर्यादेसह. भाषिक हक्काची सारी रचना वस्ती करून राहिलेल्या माणसाला गृहीत धरते.

पर्याय नाहीत असे नाही. ओडिशातून आंध्र-तेलंगणातील वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी ओडिया पाठ्यपुस्तके आणि ओडियाभाषी शिक्षक कामाच्या ठिकाणी नेण्याचा प्रयोग झाला. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'रोशनी' उपक्रमात मुलांची भाषा जाणणाऱ्या सहायकांच्या मदतीने मल्याळम शिकविले गेले. नर्मदेच्या खालच्या अंगाला, नंदुरबार जिल्ह्यात, धरणविरोधी आंदोलनाने १९९० नंतर उभारलेल्या जीवनशाळांनी पावरी बोलीतून आरंभीचे शिक्षण दिले. ज्या नदीने बरगीत गावे बुडताना पाहिली, तिच्याच काठी मुलाच्या बोलीला फळ्यावर जागा मिळाली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये असा प्रयोग करण्यास नागपूर-जबलपूर हा पट्टा सर्वस्वी अनुकूल आहे. कारण दोन्ही टोकांना दोन्ही भाषा जाणणारे शिक्षक आहेत आणि बालाघाटसारख्या सीमेवरील जिल्ह्यात द्विभाषिकता ही घरगुती बाब आहे.

६. मुलाची साक्ष

पाहणीच्या तक्त्यात न येणारे अनुभव साहित्यात येतात. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) हे आत्मकथन दलित व भटक्या-विमुक्तांच्या साहित्याचा टप्पा म्हणून अभ्यासले गेले आहे. ते स्थलांतरित मुलाच्या शालेय जीवनाचा दस्तऐवज म्हणूनही वाचता येते. गाढवांवर संसार लादून फिरणारे कैकाडी कुटुंब, मुलाला शाळेत घालण्याचा वडिलांचा हट्ट, जातीचा त्याला विरोध आणि घरची कैकाडी व शाळेची मराठी यांमधील अंतर हे सारे त्यात मुलाच्या बाजूने आले आहे. मराठी गद्यात कैकाडी शब्द जेथे तसेच राहतात, तेथे वाचकाला क्षणभर त्या मुलाच्या जागी बसावे लागते. भाषा पुढे असते पण पूर्ण कळत नाही. रिचर्ड रॉड्रिग्ज यांच्या 'हंगर ऑफ मेमरी' (१९८२) मध्ये शाळेची इंग्रजी आत्मसात करताना घरची स्पॅनिश मागे पडते. दोन आत्मकथने शेजारी ठेवली की एक फरक स्पष्ट होतो. रॉड्रिग्ज घरची भाषा सोडण्याची किंमत सांगतात आणि ती अपरिहार्य मानतात; माने समाजाला सोडून न जाता त्याचे प्रश्न घेऊन चळवळीत उतरतात. एकच शालेय अनुभव दोन ठिकाणी दोन वेगळ्या राजकीय निष्कर्षांकडे नेतो.

जबलपूर परिसरापुरते पाहिल्यास दुसरे एक पुस्तक अधिक जवळचे आहे. १९८१ मध्ये जगदीश स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने पाटनगढचे तरुण परधान चित्रकार जनगढसिंह श्याम भोपाळच्या भारत भवनात आले. त्यांच्यामागून गावातील अनेक कुटुंबे भोपाळला आली. २००१ मध्ये जपानमध्ये जनगढ यांचा अकाली मृत्यू झाला. त्यांचे पुतणे भज्जू श्याम यांनी भोपाळमध्ये रात्रपहारेकऱ्याचे आणि वीजदुरुस्तीचे काम केले, मग चित्रकला शिकली. २००२ मध्ये एका उपाहारगृहाच्या भिंती रंगविण्यासाठी ते लंडनला गेले. त्या प्रवासाचे 'द लंडन जंगल बुक' (२००४) हे पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सने प्रसिद्ध केले. त्यात भुयारी रेल्वे गांडुळाच्या रूपाने येते, लंडनची बस कुत्र्याच्या रूपाने येते आणि बिग बेनचे घड्याळ कोंबड्याशी एकरूप होते. वेळ सांगणे हे दोघांचेही काम, एवढे साधे तर्कशास्त्र त्यामागे आहे. शब्द भज्जू श्याम यांनी हिंदीतून सांगितले, पुस्तक इंग्रजीत आले, चित्रे परधान परंपरेची राहिली.

ज्या पाटनगढमध्ये बसून हिवाळ्यांनी परधानांवर ग्रंथ लिहिला, त्याच गावच्या परधानाने सुमारे सहा दशकांनी लंडनवर पुस्तक केले. निरीक्षक आणि निरीक्षित यांची जागा येथे बदलली आहे. यजमानाच्या अंगणातील गायक परक्या शहरात गेला; पण आपली प्रतिमांची भाषा त्याने तेथे लपविली नाही, तिच्यातच ते शहर बसविले. स्थलांतरित मुलाकडून शाळा सामान्यतः याच्या अगदी उलट अपेक्षा करते.

७. समारोप

वरील विवेचनातून दोन गोष्टी समोर येतात. पहिली, संशोधन आणि कैवार यांच्या भागीदारीने स्थलांतरित मुलाला अदृश्यतेतून बाहेर काढले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. कायद्यातील कलमे, कामाच्या जागेवरील पाळणाघर आणि हंगामी वसतिगृह या तिच्या खुणा आहेत. दुसरी, या भागीदारीत तिसऱ्या भागीदाराची, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाची आणि त्याच्या भाषेची, जागा अजून रिकामी आहे. हिवाळे-एल्विन यांच्या काळी ती रिकामी राहिली याचे कारण काळात शोधता येते. आज तसे कारण उरलेले नाही.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाचे काम येथे सुरू होते. मंडला-दिंडोरीच्या कुटुंबांबरोबर नागपूरकडे येणाऱ्या गीतांची व गोष्टींची नोंद करणे, त्यांचे गोंडी, हिंदी व मराठी पाठ शेजारी ठेवून मुलांसाठी वाचनसाहित्य सिद्ध करणे आणि शाळेच्या दाखल्यावर मुलाच्या घरच्या भाषेचा रकाना असावा असा आग्रह धरणे, ही कामे समाजशास्त्रज्ञाला एकट्याने साधणारी नाहीत. त्यांना बोली, पाठभेद आणि भाषांतर यांची जाण लागते. मध्य प्रांताच्या काळी हिंदी आणि मराठी एका कारभाराखाली होत्या, तेव्हा ही जाण प्रशासनाच्या गरजेतून आली होती. आता ती एका मुलाच्या गरजेतून यायला हवी. जबलपूरच्या फलाटावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत बसणाऱ्या त्या मुलाच्या दाखल्यावर त्याचे नाव, वय आणि इयत्ता यांची नोंद असते. तो घरी कोणत्या भाषेत गोष्ट ऐकतो, याची नोंद झाली तर पुढच्या शाळेतील शिक्षकाला त्याच्याशी बोलण्यास आरंभ कोठून करावा, हे कळेल.